इतर हक्कांचा रकाना

महसूल खात्याच्या नोकरीत माझी एकतीस वर्षे गेली, आणि त्यांतली पुष्कळशी तालुक्याच्या दफ्तरखान्यात, रुमालांत बांधून ठेवलेल्या जुन्या कागदांच्या सहवासात गेली. त्या कागदांपासून मी जे काही शिकलो त्यातली एक गोष्ट मनावर कायमची ठसली, ती ही की, जमीन कोण कसतो आणि ती कोणाच्या नावावर लागलेली असते हे दोन अगदी निराळे प्रश्न असून, दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचे उत्तर काढू पाहणारा मनुष्य हमखास फसतो. सातबाराच्या उताऱ्यावर थोरल्या भावाचे नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागते, त्याच्यामागे घरातली बाकीची सारी माणसे अध्याहृत असतात, आणि बहिणींची नावे लागलीच कुठे तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, सोसायटीच्या बोजाच्या आणि विहिरीतल्या हिश्शाच्या शेजारी लागतात. यात कोणी कोणावर दावा लावलेला नसतो. बहुतेक घरांत तर सारे गोडीगुलाबीने चाललेले असते. परंतु पन्नास वर्षांनी त्या उताऱ्याच्या आधारे त्या कुटुंबाचा वृत्तांत लिहावयास बसणाऱ्याने तो एक रकाना वाचावयाचा सोडला, तर त्या घरात बहिणी होत्या हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

युरोपीय संगीताकडे मी वळलो तो नोकरीच्या उत्तरार्धात. गोव्याहून मुंबईस येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध व्हायोलिनवादकाने मला पाच रेषांवरचे स्वरलेखन वाचावयास शिकविले, आणि त्यानंतर मिळतील ते इतिहासग्रंथ मी वाचीत गेलो. बाख, हँडल, हायडन, मोझार्ट, बेटोफेन, शूबर्ट, शूमान, ब्राम्स अशी ती नामावळी मला तोंडपाठ झाली, आणि तिच्यात एकही स्त्री नाही ही गोष्ट माझ्या ध्यानात यावयास चार वर्षे लागली, हे मी खेदाने नमूद करतो. ध्यानात आल्यावर मात्र मला आठवला तो दफ्तरखान्यातला रकाना, आणि मी त्या नामावळीतील मोठ्या खातेदारांचे ‘इतर हक्क’ शोधू लागलो. प्रस्तुत पुस्तक हे त्या शोधाचे फळ होय.

त्या शोधात मला सर्वांत आधी जो कागद भेटला तो असा. १९७० साली पॅरिसमध्ये पियानोच्या एका मोठ्या सोनाटाचे हस्तलिखित उजेडात आले. ‘ईस्टर सोनाटा’ हे त्याचे नाव, आणि कर्ता म्हणून त्यावर ‘एफ. मेंडेल्सझोन’ एवढाच निर्देश. एफ. म्हणजे फेलिक्स हे गृहीत धरण्यात कोणालाही शंका आली नाही. १९७२ मध्ये ती रचना फेलिक्स मेंडेल्सझोनची म्हणून ध्वनिमुद्रितही झाली. वास्तविक फेलिक्सची थोरली बहीण फॅनी हिने आपल्या ईस्टर सोनाटाचा उल्लेख १८२९ च्या सुमारास स्वतःच्या लेखनात केलेला होता, आणि ती रचना हरवली असे अभ्यासक मानीत आले होते. हरवलेला सोनाटा बहिणीचा, सापडलेला सोनाटा भावाचा, दोघांचे आद्याक्षर एकच, आणि तरीही या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहावयास आणखी चार दशके जावी लागली. २०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकन संशोधिकेने ते हस्तलिखित प्रत्यक्ष पाहिले, हस्ताक्षर ताडले, पृष्ठांकांची सांगड फॅनीच्या इतर कागदांशी घातली, आणि तो फॅनीचा आहे हे सिद्ध केले. ८ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये तो तिच्या नावाने जाहीरपणे वाजविला गेला. रचना १८२८ ची; म्हणजे हा फेरफार मंजूर होण्यास एकशे एकोणनव्वद वर्षे लागली.

असे संगीतातच का व्हावे, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहील, आणि त्याचे माझे उत्तर आपल्या परंपरेशी तुलना केल्यावाचून सांगता येण्यासारखे नाही. आपल्याकडे रचनाकाराचे नाव रचनेच्या पोटातच असते. ‘सदारंग’ ही मुद्रा बंदिशीच्या शब्दांत ओवलेली असल्यामुळे मुहम्मदशहाच्या दरबारातील न्यामतखान पावणेतीनशे वर्षे गवयांच्या कंठात जिवंत राहिला. त्याचे नाव सांभाळण्यासाठी कोणा छापखान्याची गरज पडली नाही. जनाबाई अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव घालते, आणि घालतानाही स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते, परंतु नाव तेथे आहे आणि अभंग म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते उच्चारावेच लागते. (चाल कोणाची हा प्रश्न निराळा, आणि जात्यावर ओव्या रचणाऱ्या असंख्य बायांना तर मुद्राही नव्हती, त्यांचा विचार या पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहिला याची मला जाणीव आहे.) युरोपातील रचनेची गोष्ट वेगळी. तेथे नाव रचनेच्या बाहेर, मुखपृष्ठावर असते, आणि ज्याच्या हाती मुखपृष्ठ त्याच्या हाती नाव. शिवाय ती रचना मुळात कागदावर असते. तो कागद नाद होऊन कानी पडावा यासाठी प्रकाशक हवा, नक्कलनवीस हवेत, दिवाणखाना किंवा सभागृह हवे, आणि सिंफनी असेल तर चाळीस-पन्नास वादकांना तालीम देण्याची ऐपत आणि मुखत्यारी हवी. कवयित्री फडताळात वही ठेवून मेली, तर ती वही उघडणाऱ्या पहिल्या साक्षर माणसाला कविता भेटते. रचनाकार स्त्रीची वही उघडणाऱ्याला बहुधा काळे ठिपके दिसतात, आणि तो ती वही परत ठेवून देतो.

फॅनी मेंडेल्सझोनचे चरित्र या पुस्तकात सर्वांत मोठे झाले आहे. ते प्रमाणाबाहेर गेले असे काही वाचकांना वाटेल, परंतु ते मी समजून-उमजून तसे ठेवले आहे. कारण इतरांच्या बाबतीत जे अज्ञानाने, दारिद्र्याने किंवा उघड द्वेषाने घडले, ते तिच्या बाबतीत सुशिक्षित, सधन आणि परस्परांवर जीव टाकणाऱ्या कुटुंबात घडले, आणि म्हणूनच त्याचे कारण अधिक स्वच्छ दिसते.

१४ नोव्हेंबर १८०५ रोजी हाम्बुर्ग येथे तिचा जन्म झाला. तान्ह्या मुलीची बोटे पाहून आई लेआ म्हणाली की ही बाखच्या फ्यूग वाजवणारी बोटे आहेत, अशी त्या घराण्यात आठवण आहे. तेरा वर्षांची असताना तिने वडिलांच्या वाढदिवसानिमित्त बाखचे चोवीस प्रेल्यूड मुखोद्गत वाजविले. ज्यांनी पियानोचा थोडाही अभ्यास केला असेल त्यांना हे कार्य कोणत्या प्रतीचे आहे हे सांगावयास नको. बर्लिनमध्ये कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर या गुरूकडे ती आणि तिचा सव्वातीन वर्षांनी धाकटा भाऊ फेलिक्स असे दोघेही शिकत होते. तीच शिस्त, तेच धडे. आणि मग १८२० च्या जुलैमध्ये, ती चौदा वर्षांची असताना, वडील आब्राहाम यांनी तिला पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र ते केवळ भूषण राहू शकते आणि राहिले पाहिजे. हे पत्र मी अनेकदा वाचले आहे. त्यात राग नाही, धमकी नाही, मुलीच्या गुणांविषयी अनादर तर नाहीच. एका प्रेमळ, विचारी पित्याने वाटणीपत्र करावे तसे ते सौम्य भाषेत लिहिलेले आहे, आणि वाटणीपत्राइतकेच ते अंतिम आहे.

त्यानंतर फेलिक्स युरोप पालथा घालावयास निघाला आणि फॅनी घरी राहिली. परंतु तिची गीते मात्र त्याच्याबरोबर निघाली. फेलिक्सच्या ८ आणि ९ क्रमांकांच्या गीतसंग्रहांत प्रत्येकी तीन अशी तिची सहा गीते त्याच्या नावाखाली प्रसिद्ध झाली. त्यांतील ‘इटली’ या गीताची पुढे जी हकीकत घडली ती स्वतः फेलिक्सनेच आईला कळविली आहे. जुलै १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीने त्याच्यासमोर गाण्याची इच्छा दर्शविली, त्याच्याच संग्रहातून एक गीत पसंत केले आणि ते मोठ्या गोडीने, सुरात आणि तालात गायिले. ते निघाले ‘इटली’. तेव्हा हे गीत माझे नसून माझ्या बहिणीचे आहे, असा कबुलीजबाब त्याला राणीसमोर द्यावा लागला, आणि आता कृपा करून माझेही एखादे गावे, अशी विनंती करावी लागली. हा प्रसंग बहुतेक ग्रंथांत गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो वाचताना दरवेळी बर्लिनमधल्या त्या घराची आठवण होते, जेथे ते पत्र पोहोचले असेल आणि मोठ्याने वाचले गेले असेल.

फेलिक्सविषयी मी कठोर व्हावे असे काही मित्रांनी सुचविले. ते मला मान्य होण्यासारखे नाही. तो आपली प्रत्येक नवी रचना बहिणीच्या नजरेखालून घाली, तिच्या अभिप्रायाचा धाक बाळगी, आणि तिच्या रचना आपल्या रचनांच्या पंक्तीला बसवण्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता. परंतु १८३७ मध्ये, फॅनीने प्रकाशन करावे म्हणून तू तिला उत्तेजन दे असे आईने लिहिले, तेव्हा त्याने नकार दिला. तिने आपणहून ठरविले तर मी हवे ते साहाय्य करीन, पण मी होऊन तिला प्रवृत्त करणार नाही; प्रकाशन करावयाचे तर ते सातत्याने, एकामागून एक कृती देऊन करावे लागते, आणि फॅनीला तर घराचा संसार पाहावयाचा आहे, असे त्याचे म्हणणे. यात प्रकाशनाविषयीचे विधान खरे आहे. संसाराविषयीचे विधानही खरे आहे. अन्याय आहे तो या दोन खऱ्या विधानांना जोडणाऱ्या ‘आणि’ या उभयान्वयी अव्ययात. कारण फेलिक्सलाही संसार होता, आणि त्याच्या बाबतीत त्या दोन गोष्टी कोणीही एका वाक्यात आणल्या नाहीत.

या साऱ्या कथेत ज्याला क्वचितच न्याय मिळतो तो पुरुष म्हणजे तिचा नवरा, चित्रकार विल्हेल्म हेन्झेल. ३ ऑक्टोबर १८२९ रोजी त्यांचे लग्न झाले. लंडनमध्ये गाडीच्या अपघातात पाय दुखावल्यामुळे फेलिक्स लग्नास येऊ शकला नाही, आणि त्याने रचून देण्याचे कबूल केलेले ऑर्गनवादनही आले नाही. तेव्हा आदल्या रात्री बसून विवाहविधीच्या अखेरचे वादन वधूने स्वतः रचिले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव झेबास्टिआन लुडविग फेलिक्स, म्हणजे बाख, बेटोफेन आणि भाऊ. विल्हेल्मला संगीतातले फारसे गम्य नव्हते असे म्हणतात, परंतु बायकोने रचना करीत राहावे आणि ती प्रकाशित करावी याचा आग्रह त्या घरात सातत्याने धरणारा माणूस तोच होता.

लाइप्त्सिगर श्ट्रासे ३ या पत्त्यावरील त्यांच्या घराच्या बागेत एक दालन होते. (त्या जागेवर आज जर्मन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची वास्तू आहे.) १८३१ पासून फॅनीने तेथे रविवारचे संगीत पुन्हा सुरू केले, आणि मृत्यूपर्यंत ते चालविले. तालीम तिची, वृंदगायनाचे संचालन तिचे, पियानो तिचा. फ्रान्झ लिस्ट तेथे येऊन बसला आहे, क्लारा शूमान आली आहे. बर्लिनच्या सार्वजनिक सभागृहांत त्या सुमारास जे ऐकावयास मिळत नसे ते या खाजगी दालनात मिळे, अशी त्याची ख्याती होती. पण दालन खाजगी होते. तिकीट नाही म्हणून जाहिरात नाही, जाहिरात नाही म्हणून वृत्तपत्रांत समीक्षा नाही, आणि समीक्षा नाही म्हणून इतिहासकाराला आधार नाही. पियानोवादक म्हणून ती लोकांसमोर आली ती १८३८ मध्ये, एका धर्मादाय कार्यक्रमात, आणि वाजविला तो फेलिक्सचा कन्चेर्टो.

१८३९-४० मध्ये नवरा आणि मुलगा यांसह ती इटलीत राहिली. रोममध्ये तरुण शार्ल गूनो आणि त्याचे फ्रेंच सोबती तिच्या पियानोभोवती बसून तासन् तास ऐकत. ती आपल्या आयुष्यात प्रथमच, कोणाची बहीण म्हणून नव्हे तर स्वतःच्या अधिकाराने, रचनाकारांच्या मंडळीत बसली होती. परत आल्यावर १८४१ मध्ये तिने ‘वर्ष’ ही पियानोरचनांची मालिका लिहिली. बारा महिन्यांच्या बारा रचना आणि शेवटी एक उपसंहार. मार्चमध्ये ईस्टरचे जुने स्तोत्र उमलते, डिसेंबरमध्ये नाताळचे, आणि उपसंहारात सरत्या वर्षाला निरोप देणारे. स्वच्छ प्रतीसाठी तिने रंगीत कागद वापरले, आणि प्रत्येक महिन्याच्या आरंभी विल्हेल्मने चित्र काढले. मला विचाराल तर एकोणिसाव्या शतकातील पियानोवाङ्मयात या मालिकेच्या तोडीचे ग्रंथन फार थोडे आहे. विशेषतः सप्टेंबर, ज्यात डाव्या-उजव्या हातांच्या मध्ये चालणारी सुरावट प्रवाहाखालच्या धारेसारखी वाहते आणि वरचे पाणी क्षणभरही स्थिर होत नाही. या तेरा रचनांपैकी तो सप्टेंबरच काय तो तिच्या हयातीत छापला गेला. संपूर्ण मालिका छापली गेली १९८९ साली.

१८४६ मध्ये बर्लिनच्या दोन प्रकाशकांनी तिच्याकडे मागणी केली आणि तिने होकार दिला. जुलैमध्ये तिने फेलिक्सला पत्र लिहून निर्णय कळविला. चौदाव्या वर्षी मला वडिलांची जशी भीती वाटे तशी चाळिसाव्या वर्षी भावांची वाटते, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. चाळीस वर्षांची स्त्री, प्रकाशकाची मागणी हाती असलेली, आणि तरी हात कापतो आहे. फेलिक्सने महिन्याभराने आशीर्वाद पाठविला. सहा गीतांचा पहिला संग्रह तिच्या स्वतःच्या नावाने निघाला, आणि त्यामागोमाग आणखी निघत गेले. त्या हिवाळ्यात तिने पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठी डी मायनरमध्ये त्रिवादन लिहिले. तिच्या साडेचारशेहून अधिक रचनांत बऱ्याचशा मध्यम प्रतीच्याही आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु या त्रिवादनाचा पहिला भाग ऐकल्यावर, हिला आणखी वीस वर्षे मिळती तर काय झाले असते हा विचार मनातून जात नाही. तिला मिळाले फार तर वर्ष. १४ मे १८४७ रोजी, रविवारच्या कार्यक्रमाची तालीम चालू असताना, पियानोवर तिचे हात बधिर झाले. तालीम फेलिक्सच्याच एका रचनेची होती. त्याच रात्री ती वारली. फेलिक्स तिच्यामागे सहा महिनेही जगला नाही.

फॅनीच्या चरित्रानंतर येणारी प्रकरणे आकाराने लहान आहेत. मोझार्टची बहीण नानर्ल हिचे तर प्रकरण म्हणण्याइतकेही नाही: म्युनिक, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन येथे ती भावाबरोबर वाजवीत हिंडली, लग्नाच्या वयाची झाल्यावर १७६९ पासून घरी राहिली, आणि १७७० मध्ये तिने पाठविलेले एक गीत पाहून, तू इतके सुंदर रचतेस याचे मला आश्चर्य वाटते, अशा आशयाचे पत्र भावाने इटलीतून लिहिले. ते गीत आज उपलब्ध नाही. तिची एकही रचना उपलब्ध नाही. क्लारा शूमानने स्वतःचा पियानो कन्चेर्टो सोळाव्या वर्षी लाइप्त्सिगमध्ये वाजविला तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक फेलिक्स मेंडेल्सझोन होता. चारच वर्षांनी, आपल्याला रचनाशक्ती आहे असे एकेकाळी वाटे, पण स्त्रीने रचनेची इच्छा धरू नये, असा मजकूर तिने दैनंदिनीत लिहिला. नवरा १८५६ मध्ये गेला, पदरी सात मुले, आणि पुढची जवळजवळ तीन तपे ती दौरे करून वाजवीत राहिली. वाजविले तिने बहुतेक नवऱ्याचे.

लुईझ फारँक हिच्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिले आहे, आणि त्याला कारण पगाराचे आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय संगीतविद्यालयात १८४२ पासून ती पियानोची प्राध्यापिका होती. त्या पदावरील पुरुषांपेक्षा तिचे वेतन कमी. वर्षानुवर्षे ती विद्यार्थिनी घडवीत राहिली, सिंफनी लिहीत राहिली, आणि वेतन तेच राहिले. १८५० मध्ये नऊ वाद्यांसाठी तिने रचलेली कृती मोठ्या गाजावाजाने सादर झाली. तरुण व्हायोलिनवादक योसेफ योआखिम त्या वादकांत होता. त्या यशाच्या पाठबळावर तिने समान वेतनाची मागणी केली आणि ती मंजूर झाली. सरकारी नोकरीत वेतनश्रेणीचे अर्ज पाहण्यात ज्याने आयुष्य घालविले आहे त्याला या एका मंजुरीमागची आठ वर्षे दिसतात. तिच्या तीन सिंफनी मात्र तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. तिचा नवरा स्वतः संगीतप्रकाशक होता, आणि तिच्या पियानोरचना त्याने प्रेमाने प्रसिद्ध केल्या. परंतु ज्या प्रकारच्या रचनेवरून रचनाकाराची इयत्ता ठरविण्याचा त्या शतकाचा रिवाज होता, तोच प्रकार हस्तलिखितात राहिला.

‘स्त्रियांत एखादा बेटोफेन का झाला नाही?’ हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर नेमाने विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा सद्भावनेनेच विचारतो. याचे उत्तर मी तीन सनांत देतो. ‘प्री द रोम’ हे फ्रान्सचे सर्वोच्च पारितोषिक संगीतरचनेसाठी १८०३ मध्ये सुरू झाले. स्त्रियांना त्या स्पर्धेत प्रवेश मिळाला १९०३ मध्ये. १९१३ मध्ये एकोणीस वर्षांच्या लिली बुलांजे हिने त्याचा पहिला मान मिळविला. शंभर वर्षे दार बंद, आणि उघडल्यावर दहा वर्षांत एक मुलगी आत. ती १९१८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आजाराने गेली, आणि मागे ठेवून गेलेल्या तिच्या स्तोत्ररचना ऐकल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारणारा मला अद्याप भेटलेला नाही.

नावाचा प्रश्न विसाव्या शतकातही सुटला नाही. त्याने रूप बदलले. बॉस्टनच्या वाद्यवृंदाने १८९६ मध्ये जिची सिंफनी वाजविली ती एमी बीच मुखपृष्ठावर ‘सौ. एच. एच. ए. बीच’ आहे, आणि ती तिन्ही आद्याक्षरे नवऱ्याची आहेत. रिबेका क्लार्क हिने १९१८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका कार्यक्रमात आपल्या नावाच्या रचनांबरोबर एक रचना ‘अँथनी ट्रेंट’ या कल्पित पुरुषाच्या नावाने ठेवली, तर लक्ष वेधले ते ट्रेंटने. पुढल्या वर्षी तिचा व्हियोला सोनाटा एका मोठ्या अमेरिकन स्पर्धेत एर्नेस्ट ब्लॉख याच्या रचनेशी बरोबरीत आला, तेव्हा ‘रिबेका क्लार्क’ हेच कोणा पुरुषाचे टोपणनाव असावे अशी वदंता उठली. एका वर्षात एका कल्पित पुरुषावर विश्वास ठेवला गेला आणि एका खऱ्या स्त्रीवर ठेवला गेला नाही.

हे लिहिताना मला आपल्याकडचे एक नाव आठवल्यावाचून राहिले नाही. ‘साधी माणसं’ या मराठी चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तो ‘आनंदघन’ यांना, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘तांबडी माती’ यांचे संगीतही त्याच नावाचे. हे नाव लताबाईंनी स्वेच्छेने घेतले होते, आणि त्यांची तुलना क्लार्कच्या असहाय्यतेशी करणे योग्य होणार नाही. तथापि, ज्या कंठाची ओळख घराघरात होती त्या कंठामागच्या रचनाकाराची ओळख आजही पुष्कळांना सांगावी लागते, एवढे खरे.

फ्लॉरेन्स प्राइस हिचे प्रकरण सर्वांत शेवटी ठेवले आहे. आर्कान्सामध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी शिकागोच्या वाद्यवृंदाने १९३३ मध्ये वाजविली. १९४३ मध्ये बॉस्टनच्या विख्यात संचालकास, सर्गेई कूसेवित्स्कीस, लिहिलेल्या पत्रात तिने आरंभीच आपल्या दोन अडचणी सांगून टाकल्या: आपण स्त्री आहोत आणि आपल्या नसांत निग्रो रक्त आहे. त्याने तिची रचना कधी वाजविली नाही. १९५३ मध्ये ती वारली. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील सेंट ॲन या गावी एक ओसाड पडलेले घर दुरुस्तीसाठी उघडले गेले; एके काळी ती उन्हाळ्यात तेथे राहत असे. छप्पर गळत होते, आणि आत कोरड्या राहिलेल्या एका भागात हस्तलिखितांचे ढीग होते, त्यात दोन व्हायोलिन कन्चेर्टो आणि चौथी सिंफनी. त्या घरात शिरलेल्यांनी ते कागद रद्दीत घातले नाहीत, त्यांवरील नाव वाचले आणि चौकशी केली, या साध्या गोष्टीबद्दल मी त्यांचा अतिशय ऋणी आहे. दफ्तरात एक इसम असा लागतो.

वाचकांस एक विनंती. या स्त्रियांची दुःखे वाचून पुस्तक मिटू नये. त्यांना केवळ अन्यायग्रस्त म्हणून ओळखणे म्हणजे त्यांना पुन्हा त्याच रकान्यात लिहिणे होय. प्रथम त्यांचे संगीत ऐकावे, आणि ते न आवडल्यास तसे निःसंकोच म्हणावे. आरंभ फॅनीच्या सप्टेंबरपासून करावा, मग फारँकची नऊ वाद्यांची कृती, मग लिली बुलांजेची स्तोत्रे. नावांची उच्चारणे मी शक्य तितकी त्या त्या देशाच्या उच्चारास धरून दिली आहेत. जेथे मराठीत दुसरे रूप रूढ आहे तेथे रूढ रूप राखले आहे.

बर्लिनच्या एका दफनभूमीत फॅनी आणि फेलिक्स शेजारी शेजारी आहेत. १३ मे १८४७ रोजी, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशी, तिने पर्वतातल्या आनंदाविषयीचे एक गीत रचले होते. ते तिचे शेवटचे. तिच्या दगडावर नाव आहे, तारखा आहेत, आणि त्या गीतातील स्वर, पाच रेषांवर, कोरलेले आहेत.